राजीनामा टाईप करण्याआधी एका डब्याचा हिशोब लिहा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या बंद पडलेल्या पहिल्या धंद्याबद्दल बोलले. पण बारा मिनिटांत आकडे घाईघाईत सांगितले गेले, आणि खरी शिकवण तर आकड्यांतच आहे. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिते. एक वही, एक पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे, तो टाळू नका.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडी ओळख. नाशिकला माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. केक बॉक्स, कागदी कंटेनर, पाउच, बटर पेपर, फॉइल असा सगळा माल. माझी बरीचशी गिऱ्हाइकं म्हणजे घरून केक करणाऱ्या ताया, मसाले-चटण्या विकणारे, डबे देणारे, नुकतीच नोकरी सोडून काहीतरी सुरू केलेली मुलं-मुली. त्यामुळे कोणाचा धंदा चालू झाला आणि कोणाचा बंद पडला, हे मला काउंटरवर बसल्या बसल्या कळतं. पहिल्या महिन्यात १०० बॉक्स जातात. तिसऱ्या महिन्यात ३०० जातात. आणि आठव्या-नवव्या महिन्यात फोन येतो, "ताई, उरलेले बॉक्स परत घ्याल का?"

मी ते बॉक्स परत घेते. कारण २०१६ साली असाच फोन मी एका दुकानदाराला केला होता.

१. माझा डबा, माझं "ग्रोथ"

बीबीए झाल्यावर पुण्यात एका कंपनीत सेल्सला लागले. सव्वाचार वर्षं नोकरी केली. पगार वेळेवर, ऑफिस चांगलं, त्रास काही नव्हता. पण दुपारी कँटीनचं तेलकट जेवण बघून सारखं वाटायचं, इथे कोणी चांगलं सॅलड, कडधान्यांचा डबा दिला तर किती चालेल! ऑफिसातल्या १० जणांना विचारलं. दहाही जण म्हणाले, "एकदम भारी आयडिया." एप्रिल २०१५ मध्ये राजीनामा दिला आणि जूनमध्ये डबा सुरू केला.

साठवलेले पैसे होते ४ लाख ८० हजार. त्यातले १ लाख ६० हजार जागेचं डिपॉझिट, फ्रीज, भांडी आणि स्टिकर-लोगोवर गेले. उरले ३ लाख २० हजार.

पहिल्या महिन्यात रोज १२ डबे जायचे. दिवाळीनंतर ३० झाले. फेब्रुवारीत ५० झाले, तेव्हा मी पेढे वाटले. खरंच वाटले, मदतनीस मावशींपासून घरमालकांपर्यंत.

आई तेव्हा नाशिकहून आली होती. आमच्या आईने आयुष्यभर उन्हाळ्यात कुरडया-पापड करून विकलेत. शाळा सातवीपर्यंत. तिने पेढा हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "एका डब्यामागे किती उरतात गं?"

मी म्हणाले, "आई, सध्या ग्रोथवर फोकस आहे."

तिला काय कळलं माहीत नाही. मला मात्र काहीच कळलं नव्हतं. मे महिन्यात पैसे संपले. एवढी वाढ होत असताना बंद कसं करायचं, म्हणून आईच्या बांगड्यांवर ९० हजारांचं गोल्ड लोन घेतलं. ते तीन महिने पुरलं. ऑगस्टमध्ये शटर खाली.

नोकरी शोधताना एका रविवारी बसून तो हिशोब पहिल्यांदा लिहिला, जो मी राजीनाम्याच्या आधी लिहायला हवा होता. तो असा:

एका डब्याची किंमत: ₹१२०
भाज्या, पनीर, कडधान्य, ड्रेसिंग: ₹५२
डबा, चमचा, टिश्यू, स्टिकर: ₹१३
डिलिव्हरी: ₹२८
ऑफर (निम्म्या डब्यांवर ₹२० सूट, म्हणजे सरासरी): ₹१०
वाया गेलेला माल, सरासरी: ₹७
एकूण खर्च: ₹११०
उरले: ₹१०

आता महिन्याचा ठरलेला खर्च. भाडं १४ हजार, मावशींचा पगार ९ हजार, लाईट आणि गॅस ३ हजार. एकूण २६ हजार.

ज्या महिन्यात मी पेढे वाटले त्या महिन्यात रोज ५० डबे, २५ दिवस, म्हणजे १,२५० डबे. गुणिले १० रुपये, म्हणजे १२,५००. खर्च २६ हजार. म्हणजे तोटा १३,५००, आणि माझा स्वतःचा पगार शून्य.

ना नफा ना तोटा यायला किती डबे हवे होते? २६ हजार भागिले १०, म्हणजे महिन्याला २,६००. रोजचे १०४. आणि माझ्या ओट्यावर, दोन बर्नरवर, दोघींच्या चार हातांनी जास्तीत जास्त ६० डबे व्हायचे.

नीट वाचा. माझं स्वयंपाकघर रोज पूर्ण भरून चाललं असतं, एकही डबा परत आला नसता, तरी मी दर महिन्याला ११ हजारांनी बुडाले असते. ही गोष्ट समजायला मला १४ महिने, ४ लाख ८० हजार रुपये आणि आईच्या बांगड्या लागल्या. लिहायला मात्र २० मिनिटं लागली.

२. त्याच वर्षी मोठमोठ्यांचंही तेच चाललं होतं

मी डबे भरत होते त्याच काळात देशभर अॅपवरच्या धंद्यांची लाट होती. टायनीआउल हे मुंबईचं जेवण मागवायचं अॅप आठवतंय का? आयआयटी मुंबईच्या मुलांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं. मोठमोठे गुंतवणूकदार पाठीशी होते. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये लोकांना कामावरून कमी करायला लागले, आणि नोव्हेंबरमध्ये पुण्याचं ऑफिस बंद करायची वेळ आली तेव्हा थकलेल्या पैशांसाठी कर्मचाऱ्यांनी एका सहसंस्थापकाला ऑफिसमधून जाऊच दिलं नाही. दोन दिवस ते प्रकरण चाललं. पुढे २०१६ मध्ये ती कंपनी एका डिलिव्हरी कंपनीत विलीन झाली.

ही बातमी मी पुण्यातच, कांदे चिरता चिरता ऐकली. आणि मनात म्हणाले, "मोठ्या लोकांचं वेगळं असतं."

काही वेगळं नव्हतं. पेपरटॅप बघा. गुरगावची कंपनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. जवळच्या किराणा दुकानातून माल उचलायचा आणि घरी पोचवायचा. वर्षभरात १५ हून जास्त शहरांत गेली. एप्रिल २०१६ मध्ये किराण्याचं काम बंद केलं. बंद करताना एका संस्थापकाने कारणं मोकळेपणाने लिहिली. ती वाचताना मला माझाच हिशोब वाचल्यासारखं वाटलं. गिऱ्हाईक टिकावं म्हणून सूट द्यायची, ती सूट स्वतःच्या खिशातून द्यायची, डिलिव्हरीचा खर्च वेगळा, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ऑर्डरमागे पैसे जायचे. त्यातून दुकानात नक्की कोणता माल शिल्लक आहे हे अॅपवर नीट दिसायचं नाही, मग अर्धवट ऑर्डर जायची. ऑर्डरी वाढल्या की तोटाही वाढायचा. हे असंच चाललं तर नफा येण्याआधी पैसा संपेल हे ओळखून त्यांनी थांबवलं आणि मालवाहतुकीच्या कामाकडे वळले. यातली ओळखून थांबण्याची गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे परत येणार आहे.

तिसरं उदाहरण चेन्नईच्या स्टेझिलाचं. घरगुती मुक्कामाच्या जागा बुक करून देणारी कंपनी. फेब्रुवारी २०१७ मध्ये काम थांबवताना संस्थापकाने स्वतःच कबूल केलं की सुरुवातीची सात वर्षं ते विक्री, हातात येणारा पैसा आणि नफा बघायचे. नंतर मात्र एकूण बुकिंग किती रुपयांचं झालं, किती रात्रींचं झालं, असले दिसायला मोठे आकडेच महत्त्वाचे वाटायला लागले. माझे "५० डबे" म्हणजे दुसरं काय होतं?

३. साठवलेला पैसा तोटा झाकतो

मला या सगळ्यातून एकच मुख्य गोष्ट कळली, आणि आजच्या लेखात तेवढी जरी तुमच्या वहीत उतरली तरी पुरे.

या कंपन्यांना तोटा दिसत का नव्हता? ती हुशार माणसं होती. दिसत होता, पण दुखत नव्हता. कारण बँकेत गुंतवणूकदाराचा पैसा होता. पगार होत होते, गाड्या फिरत होत्या, त्यामुळे सगळं चालू आहे असं वाटत होतं.

आपल्याला वाटतं, आपल्याकडे कुठे गुंतवणूकदार आहे? आहे ना. तुमचा पीएफ, तुमची एफडी, शेवटच्या महिन्याचा पगार, नवऱ्याचा किंवा बायकोचा पगार, वडिलांच्या रिटायरमेंटचे पैसे, हेच तुमचे गुंतवणूकदार. फरक एवढाच की बाहेरचा गुंतवणूकदार दर तीन महिन्यांनी प्रश्न विचारतो. तुमची एफडी काहीच विचारत नाही, ती गुपचूप मोडते.

म्हणून माझा पहिला नियम: धंद्याचं खातं आणि साठवणीचं खातं वेगळं. साठवणीतून धंद्यात रुपया टाकला की वहीत लाल पेनाने लिहायचा. महिनाअखेरीला लाल आकड्यांची बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे तुमचा खरा तोटा. दुकानात गर्दी किती होती, इन्स्टाग्रामवर फॉलोअर किती वाढले, याचा त्या बेरजेशी संबंध नाही.

आता सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगते. माझा धंदा मुळात वाईट नव्हता. त्याच रविवारी मी दुसरा हिशोब मांडला. किंमत १३० केली असती. ऑफर बंद. डिलिव्हरी शहरभर न करता तीनच ऑफिस इमारतींत एकत्र नेली असती, म्हणजे डब्यामागे २८ ऐवजी साधारण १२ रुपये. आदल्या रात्री ऑर्डर घेतली असती तर वाया जाणारा माल ७ वरून २ रुपयांवर आला असता.

१३० वजा ५२, वजा १३, वजा १२, वजा २. उरले ५१ रुपये.

२६ हजार भागिले ५१, म्हणजे महिन्याला ५१०, रोजचे २१ डबे झाले की खर्च निघाला. मी स्वतःला १५ हजार पगार धरला तरी रोज ३३ डबे पुरेसे होते. मी तर ५० पर्यंत गेले होते!

अर्थात, १३० रुपयांना आणि आदल्या रात्री सांगून लोकांनी डबा घेतला असता का? काही गिऱ्हाईक नक्की तुटलं असतं. किती, ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि मी विचारलंच नाही. पण ऑर्डर कमी होण्याच्या भीतीने आपण किंमत वाढवत नाही आणि ऑफर बंद करत नाही, हे मी आज रोज माझ्या काउंटरवर बघते. ४५० रुपयांचा केक, त्यावर १५ किलोमीटर फुकट डिलिव्हरी, आणि ताई खूश की आज चार केक गेले!

४. आधी खर्च की आधी अडचण?

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून बघू. एक अमेरिकेची, एक आपल्या गिरगावची.

वेबव्हॅन ही कॅलिफोर्नियातली घरपोच किराण्याची कंपनी. १९९९ मध्ये सेवा सुरू झाली. त्याच वर्षी, एका शहरातला अनुभव पुरता हातात येण्याआधीच, त्यांनी देशभर २६ प्रचंड यांत्रिक गोदामं बांधायचं सुमारे १ अब्ज डॉलरचं कंत्राट देऊन टाकलं. पहिल्या गोदामाची क्षमतासुद्धा पूर्ण वापरली जात नव्हती. जुलै २००१ मध्ये कंपनी बंद पडली आणि जवळपास २,००० लोकांची नोकरी गेली.

आता गिरगाव. १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी तयार झाली चार पाकिटं. हेच आपलं लिज्जत. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर आणि खाली स्टोव्ह पेटवलेला. पावसाळ्याचा प्रश्न सुटला. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये.

यात क्रम बघा. आधी विक्री झाली, मग अडचण दिसली, मग त्या अडचणीपुरताच खर्च झाला. आपण उलटं करतो. आधी इंटिरियर, आधी लोगो, आधी पाच हजार छापील बॉक्स (माझं नुकसान करून सांगते, पहिल्याच महिन्यात पाच हजार छापील बॉक्स घेऊ नका, साध्या बॉक्सवर स्टिकर लावा), आधी मोठा फ्रीज. मी तर डबा सुरू व्हायच्या आधी लोगोवर १८ हजार घालवले होते.

तुमच्या यादीतल्या प्रत्येक खरेदीसमोर एक प्रश्न लिहा: "हे नसल्यामुळे आजवर कोणती ऑर्डर हातची गेली?" उत्तर नसेल तर ती खरेदी पुढच्या महिन्यात.

कर्जालाही हाच नियम. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येते. सोय चांगली आहे, जरूर माहिती घ्या. पण डब्यामागे १० रुपये उरत असताना कर्ज मिळालं, तर ते फक्त तोट्याचे महिने वाढवतं. माझं गोल्ड लोन हे त्याचंच उदाहरण. जो हिशोब छोट्या प्रमाणावर जमलाय तो मोठा करायला कर्ज घ्या.

५. नोकरी सुटते तेव्हा पगाराशिवाय काय काय सुटतं

"सर, मॅडम, जॉबला कंटाळलोय" असं म्हणणाऱ्यांना मी एक यादी करायला लावते. पगार सगळ्यांना आठवतो. बाकीचं हे:

ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाल्यावर ती मिळते. मी सव्वाचार वर्षांवर राजीनामा दिला. नऊ महिने थांबले असते तर ती रक्कम हातात आली असती, आणि त्या नऊ महिन्यांत शनिवार-रविवार डबे विकून पाहता आले असते. कोणी सांगितलंच नाही, आणि मी विचारलं नाही.

मेडिक्लेम. कंपनीचा विमा साधारणपणे नोकरीबरोबर संपतो. आई-वडील त्यात असतील तर जास्तच काळजी. स्वतःचा विमा राजीनाम्याच्या आधी काढा, कारण जुन्या आजारांसाठी वैयक्तिक विम्यात काही काळ थांबावं लागतं. तो काळ नोकरीत असतानाच चालू झालेला बरा.

कंपनीचं नाव. हे कोणी लिहीत नाही. सेल्समध्ये असताना माझा फोन दुसऱ्या रिंगला उचलला जायचा. मला वाटायचं, माझे संबंध चांगले आहेत. राजीनाम्यानंतर कळलं, फोन कंपनीचा उचलला जात होता. ज्या दहा जणांनी "भारी आयडिया" म्हटलं होतं, त्यातल्या दोघांनीच नियमित डबा घेतला.

एक तारीख. नोकरीत दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या चुका माफ होऊन पैसे जमा होतात. धंद्यात एक तारखेला फक्त भाडं जातं.

म्हणून घरखर्चाची खरी यादी करा. भाडं किंवा हप्ता, किराणा, शाळेची फी, आई-वडिलांची औषधं, लग्नकार्याचे आहेर, गाडीचा विमा, सगळं. बारा महिन्यांचा एकूण खर्च काढा. तेवढी रक्कम धंद्याच्या भांडवलापासून पूर्ण वेगळी हवी. आणि ही यादी घरच्यांबरोबर बसून करा. राजीनामा देऊन मग घरी सांगणं हे धाडस वगैरे काही नाही. ज्यांच्या पैशांवर तुम्ही चालणार आहात त्यांच्यापासून हिशोब लपवणं आहे ते. बांगड्या सोडवायला मला दोन वर्षं लागली. सोडवून आणल्या त्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "बांगड्यांचं काही नाही. मला वही दाखवली असतीस तर मी फेब्रुवारीतच सांगितलं असतं." यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

६. दुसऱ्यांदा काय वेगळं केलं

डबा बंद झाल्यावर नाशिकला येऊन पुन्हा नोकरी धरली. लाज वाटली? हो, वाटली. नातेवाइकांनी टोमणे मारले. पण पगार चालू झाला आणि डोकं शांत झालं.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्या आणि थर्माकोल-प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली. कॅटरर आणि बेकरीवाले कागदी पर्यायासाठी धावायला लागले. डब्याच्या धंद्यात मी कंटेनर कुठे, कितीला मिळतात हे शिकलेच होते. यावेळी राजीनामा दिला नाही. माझ्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचलं, साहेबांना विचारलं. (तुम्हीही हे करा. आणि ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचं काम कधीच नको.) एका पिशवीत नमुने घेऊन रविवारी फिरले. माल आधी घेतला नाही. सहा जणांकडून ऑर्डर आणि निम्मे पैसे घेतले, मग माल आणला.

एका पाकिटामागे किती उरतात हे पहिल्या दिवसापासून वहीत. सलग सहा महिने धंद्यातून माझ्या पगाराच्या निम्मे पैसे सुटायला लागले, तेव्हा गाळा बघितला. नोकरी त्यानंतर सोडली. यात थरारक काही नाही, त्यामुळे या व्हिडिओला व्ह्यूजही कमी येतात! पण दुकान चालू आहे.

७. थांबायची तारीख आधीच ठरवा

पेपरटॅपवाले ओळखून थांबले, मी पैसे संपल्यावर थांबले. दोन्हींत फार फरक आहे. पैसे शिल्लक असताना थांबणाऱ्याला पुढचा पर्याय निवडता येतो. माझ्याकडे नोकरी शोधण्याशिवाय दुसरा रस्ता राहिला नव्हता.

म्हणून सुरू करतानाच तीन गोष्टी लिहून, सही करून घरच्या एका माणसाकडे द्या. जास्तीत जास्त किती रुपये घालणार. कोणत्या तारखेला हिशोब बघणार. त्या तारखेला एका नगामागे किती रुपये उरत असतील तरच पुढे जाणार. धंदा चालू असताना हे ठरवता येत नाही. तेव्हा मन म्हणतं, अजून एक महिना. माझं मन तीनदा म्हणालं, आणि तीन वेळचे मिळून ९० हजार गेले.

बंद करायची वेळ आलीच तर नीट बंद करा. भाजीवाला, डबेवाला, मावशी यांचे पैसे आधी द्या, कारण पुढचा धंदा याच बाजारात करायचाय. जीएसटी नंबर घेतला असेल तर तो रीतसर रद्द करून घ्या. धंदा बंद असला तरी नंबर चालू असेपर्यंत रिटर्न भरावे लागतात, आणि न भरल्यास दंड चढत जातो.

शेवटी एक अनुभव. मध्यंतरी एक मुलगा दुकानात आला. राजीनामा मोबाईलमध्ये टाईप केलेला, फक्त पाठवायचा बाकी. कॉफीची फ्रँचायझी घ्यायची होती, खर्च ८ लाख. मी म्हटलं, तशाच एका दुकानासमोर चार रविवार आणि चार मंगळवार बस आणि कप मोज. तो खरंच बसला. कप मोजून, भाडं विचारून, एका कपामागचा हिशोब लिहून आणला. राजीनामा पाठवला नाही. आता तो नोकरी सांभाळून आठवड्याला ४० पाकिटं भाजलेल्या कॉफीची पूड विकतो. पाउच माझ्याकडूनच नेतो. त्याचे मित्र म्हणतात तो घाबरला. मला नाही तसं वाटत. त्याची वही मी बघितली आहे.

गृहपाठ

१. तुमच्या एका नगाचा, एका डब्याचा किंवा एका कामाचा पूर्ण हिशोब लिहा. डिलिव्हरी, सूट आणि वाया जाणारा माल विसरू नका.

२. महिन्याचा ठरलेला खर्च लिहा. त्यात स्वतःचा पगार धरा. भागाकार करा. रोज किती नग हवेत?

३. तुमच्या हातांनी, तुमच्या जागेत रोज जास्तीत जास्त किती नग होतात? हा आकडा वरच्या आकड्यापेक्षा लहान असेल तर राजीनामा नको, आधी किंमत आणि पद्धत बदला.

४. "आयडिया भारी आहे" म्हणणाऱ्या दहा जणांकडे ॲडव्हान्स मागा. किती देतात ते लिहा.

५. घरखर्चाची यादी आणि थांबायची तारीख घरच्यांसमोर वाचून दाखवा.

हे पाच आकडे जमले तर बिनधास्त पुढे जा, मी तुमच्या बाजूने आहे. जमले नाहीत तर निराश होऊ नका. कागदावर तोटा झाला तर फक्त एक पान जातं.

पुढच्या वेळी उधारी कशी वसूल करायची यावर बोलू. तोपर्यंत वही उघडी ठेवा. भेटूच!